मिठाखालची ठिपक्यांची रेघ

हुबळीत आपण भूगर्भशास्त्रज्ञ आहोत असं कुणाला सांगितलं, की समोरचा माणूस एकच प्रश्न विचारतो: आमच्या परसात बोअर कुठं मारू? मी जन्मभर समुद्राच्या तळाखालच्या थरांचं काम केलं. हुबळीच्या जमिनीतल्या पाण्याची आणि माझी ओळख नळापुरतीच. तरी गावातल्या उणकल भागात घर बांधून आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात शेजारचे निवृत्त वकील मला हाताला धरून त्यांच्या परसात घेऊन गेले. 'मला ह्यातलं कळत नाही' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण वकीलसाहेब, त्यांची बायको, सून, बोअरवाला, सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. मी दोन फेऱ्या मारल्या, उगाच एक ढेकूळ फोडून बघितलं आणि पेरूच्या झाडापाशी बोट दाखवलं. तिथं पाणी लागलं, आणि चांगलं धो धो लागलं.

त्यानंतर गल्लीतल्या आणखी तिघांना मी जागा दाखवल्या. दोन कोरड्या गेल्या. त्या लोक विसरले, आणि मी त्यांच्याही आधी विसरलो. ही गोष्ट आजवर मी गंमत म्हणून सांगत आलो. आज सांगतोय ती वेगळ्या कारणासाठी. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत आणि त्याची शिक्षा एका शहाण्या मुलीला झाली. तिला मी इथं पद्मा म्हणणार आहे. तिचं खरं नाव ते नाही. ते का लिहीत नाही, हे शेवटी सांगतो.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी गोकुळ रोडवरच्या एका छोट्या कंपनीत कामाला लागलो. खाली पंपाचे सुटे भाग करणारा कारखाना आणि वर आमचं ऑफिस. खालचं लेथ सुरू झालं की वर आमच्या चहाच्या कपात वर्तुळं उठायची. आम्ही नऊ माणसं, प्रत्येकापुढे दोन पडदे, आणि त्यांवर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्राचं पोट. परदेशातल्या तेल कंपन्या जमिनीखालची चित्रं पाठवायच्या, आम्ही त्यांत मिठाच्या कडा आखून ती परत पाठवायचो. एक साहेब तर मीठ गुलाबीच रंगवा, जांभळं चालणार नाही, म्हणून महिनाभर अडून बसले होते. धारवाडच्या माझ्या मेव्हण्याची मात्र बरीच वर्षं अशी समजूत होती की आमचा मिठाचा होलसेल धंदा आहे.

आता समुद्राखाली मीठ आलं कुठून, ते सांगायला हवं. फार पूर्वी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकींना चिकटून होत्या. त्या फाटायला लागल्या तेव्हा मधल्या खोलगट पट्ट्यात समुद्राचं पाणी शिरायचं, आटायचं, पुन्हा शिरायचं. दर खेपेला मीठ मागे राहायचं. असा शेकडो मीटर, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जाड थर साचला. पुढे फट रुंदावत तिचा महासागर झाला, थराचे दोन तुकडे दोन खंडांच्या काठांवर गेले आणि नद्यांनी आणलेला गाळ त्यांच्यावर बसत राहिला.

मीठ दगडासारखं दिसतं, पण दगडासारखं वागत नाही. गाळ दाबला की घट्ट आणि जड होतो. मीठ दाबून घट्ट होत नाही, ते बाजूला सरकतं. नव्या मुलांना मी हे होळगीवरून शिकवायचो. आमच्या धारवाडकडे पुरणाची होळगी लाटण्यापेक्षा तेलाच्या हातानं थापतात. थापताना एका बाजूला तळहात जास्त पडला की पुरण दुसऱ्या बाजूला पळतं, तिथं फुगतं आणि कणीक पातळ असली की फोडून वर येतं. मिठाचंही तेच. जिथं गाळ जास्त पडतो तिथून मीठ शेजारी सरकतं, गाळ खाली बसतो आणि तिथं एक वाटी तयार होते. वाटी झाली की तिच्यात आणखी गाळ येऊन पडतो, ती आणखी खाली बसते, आणि शेजारी मीठ भिंतीसारखं, खांबासारखं वर चढत जातं. वर आलं की अळंबीच्या छत्रीसारखं पसरतं. त्यातून खंडाचा काठ समुद्राकडे उतरता, त्यामुळे सगळा गाळ त्या मिठावरून इंचाइंचानं खोल पाण्याकडे घसरत असतो. किनाऱ्याकडे तो ताणून फाटतो आणि खालच्या टोकाला दुमडून गोळा होतो. म्हणजे त्या तळाखालची खोरी कुठं पडायची आणि कुठं भरायची, हे गाळाइतकंच त्याच्या पोटातलं मीठ ठरवतं. काही ठिकाणी तर वाटीखालचं मीठ सगळंच निघून जातं, वरचा थर खालच्या थराला टेकतो आणि मधे फक्त एक बारीक रेघ उरते. नवख्या माणसाला वाटतं, इथं कधी मीठ नव्हतंच.

हे सगळं दिसतं ते आवाजावरून. जहाज पाण्यात आवाज सोडतं, खालच्या थरांवरून प्रतिध्वनी परत येतात आणि त्यांवरून संगणक चित्र काढतो. पण मिठातून आवाज भरभर जातो, म्हणून त्याच्या खालचं चित्र वेडंवाकडं येतं. ते सरळ करायचं तर मीठ कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे आधी माणसानं आखून द्यावं लागतं. मग संगणक ती रेघ खरी धरून खालचं चित्र पुन्हा काढतो. मेख इथंच आहे. रेघ चुकली तरी तो तक्रार करत नाही. तुमच्या रेघेला धरून चित्र काढून देतो, आणि कधी कधी ते चांगलं सुबक दिसतं.

छत्रीच्या काठाखाली हे चित्र काळवंडतं. तिथं मीठ पातळ होऊन लगेच संपतं की तसंच खोल उतरतं, काही कळत नाही. अशा जागी सरळ माणूस ठिपक्यांची रेघ काढतो. इथं माहीत नाही, असा तिचा अर्थ. पद्मा अशी सरळ होती.

ती धारवाडला शिकलेली. हुबळीच्या बाजारात तिच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान, घराणं मूळचं मिरजेकडचं. माझ्याशी मराठी, बाकीच्यांशी कन्नड, आणि पडद्याशी दोन्ही बोलायची. रेघ अडली की मान वर न करता म्हणायची, "गोत्तिल्री, सर." माहीत नाही हो, सर. मी तिला चिडवायचो, दुकानात गिऱ्हाइकानं पातेलं गळतं का विचारलं तर तिथंही हेच सांगतेस का? त्यावर ती म्हणाली होती, "हो की सर. पाणी भरून दाखवतो आम्ही."

ऑफिसात माझा एक दंडक होता. ठिपके बाहेर पाठवायचे नाहीत. ग्राहकाला ठिपके दिसले की त्याला वाटतं ह्यांना येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे ठिपके दिसले की मलाच वाटायचं, मला येत नाही.

तर एक मोठं काम हातात होतं आणि ते द्यायची तारीख आठवड्यावर आली होती. एका छत्रीचा पूर्वेकडचा काठ पद्माकडे होता. ग्राहकाला तिथंच रस होता, कारण छत्री तिथं पातळ असेल तर तिच्याखाली वाळूचे थर खांबापर्यंत जाऊन भिडलेले असणार आणि अशा कोपऱ्यात तेल अडकून बसतं. पद्मानं वीस-बावीस छेदांवर, म्हणजे त्या चित्राच्या उभ्या कापांवर, त्या काठाखाली ठिपके काढून ठेवले होते. तिचं म्हणणं साधं होतं. मीठ पातळ आहे असं धरून एक चित्र काढू, जाड आहे असं धरून दुसरं काढू, आणि दोन्ही ग्राहकाला पाठवू. त्याला आणखी तीन आठवडे लागले असते. मी नको म्हणालो. आत्येबहिणीच्या लग्नासाठी ती दोन दिवस मिरजेला गेली. जाताना त्यातल्या एका छेदाचा कागदी छाप तिनं पडद्याशेजारी टाचणीनं लावला होता, पेन्सिलीचे ठिपके काढून.

त्या दुपारी मी तिच्या खुर्चीत बसलो. तिचं यंत्र चालूच होतं. मी सगळे ठिपके जोडून टाकले, मीठ पातळ धरून. संगणकानं नवं चित्र काढलं आणि छत्रीखाली वाळूचे थर असे स्वच्छ उमटले की मी सगळ्यांना बोलावून दाखवले. मग तो कागदी छाप काढून माझ्या पिशवीत टाकला. घरी येऊन बायकोला म्हणालो, पोरीला चार दिवस जमलं नाही ते मी एका दुपारी केलं.

आमच्या प्रणालीत प्रत्येक रेघेला तिच्या मालकाचं नाव आपोआप चिकटतं. ज्याचं यंत्र, त्याचं नाव. मी जोडलेल्या सगळ्या रेघांवर पद्माचं नाव लागलं. हे मला तेव्हा ठाऊक होतं का? ह्या प्रश्नाला मी मनातल्या मनात बरीच वर्षं 'नाही' म्हणत आलो. ठाऊक होतं. मीच सगळ्यांना ते शिकवलं होतं.

पद्मा परत आली, तिनं पडदा उघडला आणि अर्ध्या तासानं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, ह्या रेघा माझ्या नाहीत." मी हसून म्हणालो, "आता तुझ्याच आहेत." आजूबाजूचे हसले. ती हसली नाही. निदान सोबतच्या टिपणात ह्या भागाची खात्री नाही एवढं तरी लिहा, असं तिनं सांगितलं. मी लिहितो म्हणालो. टिपण मीच लिहिलं, आणि त्यात ते वाक्य नव्हतं.

बऱ्याच महिन्यांनी तिथं समुद्रात तेलाची विहीर खणली गेली. छत्री पार करून वाळूत पोचायचं होतं. पण मीठ संपेचना. आम्ही आखलेली रेघ कधीच मागे पडली आणि छिद्र मिठातूनच खाली जात राहिलं. आणि मीठ तर सरकणारं. त्यानं चारी बाजूंनी खणायच्या नळीला मिठी मारली, नळी अडकली आणि शेवटी विहीर सोडून द्यावी लागली. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब.

मग ग्राहक कंपनीच्या माणसानं पडद्यावरून बैठक बोलावली. माणूस अतिशय सभ्य, आवाज न चढवणारा. टेबलाशी मी, आमचे मालक आणि पद्मा. त्यानं नोंद काढून विचारलं की ह्या भागातल्या सगळ्या रेघांवर एकच नाव दिसतंय, ह्या व्यक्तीला अनुभव किती? खाली लेथ चालू होतं. मालकांनी माझ्याकडे बघितलं. बोअरवाल्यासमोर उभं राहिल्यावर जसं झालं होतं तसंच मला झालं, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी इंग्रजीत म्हणालो, ती तशी नवीन होती, ह्यापुढे आम्ही काळजी घेऊ.

पद्माला ऑफिसात चार वर्षं झाली होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग पुढ्यातल्या वहीत काहीतरी लिहायला लागली. काय लिहीत होती ते मी वाकून बघितलंसुद्धा नाही, मला भीती वाटत होती.

त्या बैठकीनंतर मी कामात बुडालो, म्हणजे तसं दाखवलं. तिच्या टेबलापाशी जायचं टाळायला पाण्याच्या बाटल्या घरून भरून नेऊ लागलो, कारण पिण्याचं पाणी तिच्या मागे होतं. नवव्या दिवशी तिनं राजीनामा दिला. वडिलांचं वय झालं, दुकान बघायचंय, असं कारण लिहिलं होतं. मालकांना हायसं वाटलं, ग्राहकाला आम्ही कारवाई केल्यासारखं दिसलं आणि काम आमच्याकडेच राहिलं. निरोपाच्या दिवशी मी तिच्या चिकाटीवर भाषण केलं. हे वाक्य लिहिताना आत्ताही माझे कान गरम झाले आहेत.

पुढे तिच्या जागेवर दुसरं माणूस आलं, दोन वर्षांनी मीही घरी बसलो. यंदा आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी लेख मागितला, तुमच्या मिठाच्या कामातल्या गमती लिहा म्हणून. मी हौसेनं लिहिला. त्यात बोअरची गोष्ट होती, गुलाबी रंगाची होती, आणि शेवटी एक परिच्छेद होता की आमच्या धंद्यात एका तरुण सहकाऱ्याच्या एका रेघेनं केवढी विहीर वाया जाते. माझी पहिली वाचक म्हणजे बायको. ती भाजी निवडत ऐकत होती. तो परिच्छेद आला तशी तिचा हात थांबला.

"अहो, त्या रेघा तर तुम्हीच जोडल्या होत्या की. तुम्हीच घरी येऊन सांगितलंत."

मी म्हणालो, हो, पण नोंद तिच्या नावावर होती. हे बोलल्यावर मला स्वतःचीच किळस आली. मी ते खोटं इतक्या वेळा सांगितलं होतं की आता स्वतःच्या लेखात, कुणी विचारलं नसताना, हात आपोआप तेच लिहून मोकळा झाला होता. बायकोनं भाजी निवडून संपवली आणि परात घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून पद्माचा तो कागदी छाप काढला आणि बाजारात गेलो. दसऱ्याची गर्दी होती. गल्ल्यावर तिचे वडील बसले होते, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी मला ओळखलं, पोऱ्याला चहा आणायला पिटाळलं आणि चार लोकांत म्हणाले की सरांमुळं आमची पोर चार वर्षं चांगल्या ठिकाणी होती, दुकानासाठी तिनं ते सोडलं. म्हणजे घरीही तिनं काही सांगितलं नव्हतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पद्मा आत कोपऱ्यात बसली होती. विकलेल्या भांड्यांवर नाव घालायचं यंत्र तिच्या हातात होतं. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं, तिच्या खुर्चीत बसलो तिथपासून 'नवीन होती'पर्यंत. तिला अर्थात सगळं ठाऊकच होतं. तिनं यंत्र बंद केलं, तो कागद मांडीवर घेतला आणि पेन्सिलीच्या ठिपक्यांवरून एकदा बोट फिरवलं.

"मी आठ दिवस वाट बघितली, सर," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तुम्ही येऊन निदान मला तरी सांगाल."

मी म्हणालो की हे सगळं मी अंकात लिहिणार आहे. तुझे ठिपके बरोबर होते हे लिहिणार, तुझ्या नावानिशी लिहिणार, म्हणजे निदान आपल्या गावात तरी तुझं नाव स्वच्छ होईल. मी हे मोठ्या उदारपणे सांगत होतो, हे तिच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर लक्षात आलं.

"माझं नाव तुम्ही एकदा वापरलंत," ती म्हणाली. "पुरे झालं की. तुमचं घाला."

कागद तिनं घडी करून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. रागानं नाही, आपली वस्तू आपल्या जागी ठेवावी तसा. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

तसंच उठून जाणं जमेना, म्हणून मी समोरचा एक स्टीलचा डबा उचलला आणि हा घेतो म्हणालो. तिनं तो हातात घेतला, यंत्र चालू केलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांना विचारतात तसं विचारलं, "नाव कुणाचं घालू?"

मी म्हणालो, "माझंच."

"'यांजकडून' घालू, की नुसतं नाव?"

"नुसतं," मी म्हणालो.

तिनं मान खाली घालून, वेळ घेऊन, माझं नाव आडनावासकट घातलं. फडक्यानं डबा पुसला, माझ्या हातात दिला आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंना कन्नडमध्ये तोच प्रश्न विचारला.